सत्त्याण्णव धावांचा जमाखर्च

आपल्या वस्त्यांमध्ये क्रिकेटचे वेड किती आहे, हे नव्याने सांगायला नको. जयंतीचा महिना जवळ आला की स्पर्धांचे फलक लागतात, मंडळाच्या नावाचे टी-शर्ट छापले जातात आणि एरवी आठ वाजेपर्यंत अंथरूण न सोडणारी मुले पहाटे पाचला मैदान अडवायला धावतात. सामना जिंकला की रात्री गुलाल उधळला जातो, करंडक हातात घेऊन फोटो काढले जातात. ते फोटो आपल्या साप्ताहिकात छापले जातात आणि छापले जावेतही. पण हरलेल्या संघाविषयी कोणी चार ओळी लिहीत नाही. वास्तविक स्पर्धेत सोळा संघ उतरले तर पंधरा हरतात. म्हणजे आपल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला येतो तो पराभवच. तो घेऊन मुलगा घरी येतो तेव्हा काय करावे, हे कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेख एका पराभवाविषयी आहे.

गेल्या महिन्यात मुंबईच्या उपनगरातील आमच्या वस्तीच्या संघाने शेजारच्या टॉवरमधील सोसायटीच्या संघाबरोबर एक मैत्रीपूर्ण सामना खेळला. वेळ संध्याकाळी सातची, जागा पालिकेचे मैदान, दिव्यांचा उजेड, टेनिस बॉल आणि प्रत्येकी १२ षटके. करंडक नाही, प्रवेश फी नाही. रस्त्याच्या अलीकडे आपण राहतो, पलीकडे ते राहतात. वर्षानुवर्षे एकमेकांकडे नुसते पाहण्यापेक्षा एकदा खेळून पाहू, असा दोन्हीकडच्या मुलांचा साधा विचार होता, आणि तो चांगलाच होता.

सोसायटीच्या संघाने प्रथम फलंदाजी केली आणि ४ गडी गमावून १४८ धावा केल्या. आमची मुले ८ षटके २ चेंडूंत ५१ धावांत सर्वबाद झाली. पराभव ९७ धावांचा. सामना साडेनऊपर्यंत चालेल म्हणून महिला मंडळाच्या बायका स्वयंपाक उरकून येणार होत्या. त्या मैदानावर पोचल्या तेव्हा यष्ट्या उपटून झाल्या होत्या.

इथपर्यंत ठीक होते. खेळात एक संघ हरतोच. पण मुले हात मिळवायला गेली तेव्हा समोरच्या बाजूच्या प्रेक्षकांतून एक तरुण हसत म्हणाला, "काय रे, हे काय ऑफिस आहे का? इथे कोटा चालत नाही."

बांधवांनो, ९७ धावा एका क्षणात विसरल्या गेल्या आणि हे एक वाक्य तेवढे मैदानावर उरले. आमच्या एका जलद गोलंदाजाने जमिनीवर पडलेली बॅट उचलली. दोन-तीन जाणत्या माणसांनी त्याचा हात धरला नसता तर त्या रात्री पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली असती, आणि नोकरीच्या पडताळणीच्या वेळी त्या मुलाच्या नावापुढे कायमची एक नोंद राहिली असती. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. सोसायटीच्या कर्णधाराने त्या तरुणाला सर्वांसमोर गप्प केले आणि आमच्या कर्णधाराचा हात हातात घेऊन माफी मागितली. सगळेच सारखे नसतात, हे रागाच्या भरातही आपण विसरू नये.

त्या रात्री वस्तीत दोन भांडणे झाली. पहिले संघातल्या संघात. झेल कोणी सोडला, धावबाद कोणामुळे झाला, कामावरून उशिरा आलेल्याला खेळवलेच का, असे रात्री बारापर्यंत चालले होते. दुसरे भांडण घराघरांत. "उद्यापासून बॅट दिसली तर चुलीत घालीन," असे एका वडिलांनी सुनावले. आमचा कर्णधार बावीस वर्षांचा, दिवसभर मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोचवतो. तो न जेवता झोपला. त्याची आजी ऐंशीच्या घरातली. ती उशाशी बसून म्हणाली, "बाळा, माझी आई पाण्यासाठी दोन-दोन तास विहिरीच्या कडेला उभी राहायची, कोणी वरून घागरीत ओतलं तर घरी पाणी यायचं. तिने कधी जेवण सोडलं नाही. आणि तू चेंडूफळीसाठी उपाशी झोपतोस? ऊठ, भाकरी खा."

विहारात वाचलेली वही

पुढच्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर मुलांना विहारात थांबवून घेतले. कोणाला दोषी ठरवायचे नाही, फक्त हिशेब वाचायचा, असे आधीच ठरवले होते. हिशेब वाचता आला तो वस्तीतल्या बारावी कॉमर्सच्या एका मुलीमुळे. सामन्याची धावपत्रिका तिने लिहिली होती. एकूण एक चेंडूची नोंद, झेल सुटला तिथे फुली, सुटलेल्या फलंदाजाने त्यानंतर किती धावा केल्या तेही समासात. मोठमोठ्या कचेऱ्यांत इतकी स्वच्छ वही पाहायला मिळत नाही.

त्या वहीतून निघालेला जमाखर्च असा. आमच्या गोलंदाजांनी १६ वाइड आणि ५ नोबॉल टाकले. म्हणजे २१ धावा फुकट गेल्या आणि ७२ चेंडूंऐवजी ९३ चेंडू टाकावे लागले. साडेतीन षटके आपण समोरच्याला जादा भेट दिली. चार झेल सुटले. जीवदान मिळालेल्या त्या फलंदाजांनी पुढे ४७ धावा केल्या. अवांतर २१ आणि सुटलेल्या झेलांच्या ४७ मिळून ६८ झाल्या. पराभव ९७ धावांचा. म्हणजे कागदावर पाहिले तर समोरचा संघ आमच्यापेक्षा खरा सरस ठरला तो २९ धावांनी, बाकीच्या ६८ आम्ही स्वतःच्या खिशातून मोजल्या.

फलंदाजीचा हिशेब त्याहून बोलका. खेळलेल्या ५० चेंडूंपैकी २७ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. तीन गडी धावबाद झाले. सहा जण षटकार मारायला जाऊन झेल देऊन बसले. शेवटचे २२ चेंडू वापरलेच गेले नाहीत. सोसायटीच्या मुलांनी मात्र एकेरी-दुहेरी धावा पळून काढल्या. आमच्या पोरांच्या डोळ्यांत टीव्हीवरचे षटकार भरलेले, त्यामुळे एक धाव घेणे हे त्यांना कमीपणाचे वाटते.

आता याची कारणे पाहू. सोसायटीचा संघ आठवड्यातून तीन दिवस भाड्याच्या जाळीत सराव करतो, त्यांना पगारी प्रशिक्षक आहे. आमच्या अकरा जणांपैकी दोघे घरपोच माल पोचवणारे, दोघे रुग्णालयात कंत्राटी वॉर्डबॉय, एक सफाईच्या कंत्राटावर, एक वायरमनच्या हाताखाली, तिघे मॉलमध्ये उभ्याने बारा तास काम करणारे आणि दोघे कॉलेजात. यांतले दोघे ड्युटी सुटल्यावर लोकलला लटकत सात वीसला मैदानावर आले आणि थेट क्षेत्ररक्षणाला उभे राहिले. ज्याच्या हातून दोन झेल सुटले, तो रात्रपाळी करून आला होता. त्याला शिव्या घालण्यापूर्वी हे कोणी विचारले का? संघ सामन्यापूर्वी एकदाही एकत्र जमला नव्हता. परिस्थिती खडतर आहे, हे खरेच. पण वाइड चेंडू हा परिस्थितीचा दोष नाही, तो सरावाचा दोष आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढायला शिकणे, हाच त्या सभेचा खरा फायदा.

हरणाऱ्या संघातील माणूस

राहता राहिले ते वाक्य. "इथे कोटा चालत नाही." याला उत्तर काय? त्या सभेत मुलांना एक जुना इतिहास सांगितला. तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणे, जाळी लावणे, रोलर फिरवणे असली कामे बाळू महिना चार रुपयांवर करीत. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते डावखुरे फिरकी गोलंदाज बनले. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई, जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. पुढे १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. देशभर त्या विजयाचा गाजावाजा झाला.

आता पराभवाची गोष्ट. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्या वर्षी लंडनमध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता, त्या समारंभात आणि मेजवान्यांत महाराज गुंतले आणि मोजकेच सामने खेळले. संघ २३ सामने खेळला, त्यांपैकी १५ हरला, ६ जिंकला, २ अनिर्णित राहिले. दौरा म्हणून पाहिले तर दाणादाणच. पण त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी ११४ गडी बाद केले, तेही गड्यामागे १९ पेक्षा कमी धावा देऊन. त्यांचे धाकटे बंधू शिवराम त्याच संघात होते. सॉमरसेटविरुद्ध भारतीय संघ एक गडी राखून जिंकला तो शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला, आणि त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी लिहिले व अर्पण केले, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या पुस्तकात नमूद आहे. पंधरा सामने हरून आलेल्या संघातील एका गोलंदाजाचा समाज सत्कार करतो, यातले मर्म आपल्या मुलांनी समजून घ्यावे. धावफलकावर संघ हरला होता, पण बाळूंनी टाकलेल्या चेंडूंचा हिशेब चोख होता.

एवढे करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना डावलले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून संघातून माघार घेतली. शेवटी १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा जिंकली. कोणत्या कोट्यातून? जातीमुळे ज्यांना कर्णधारपद नाकारले गेले त्यांच्यासाठी तर मैदानावर उलटाच कोटा होता, शंभर टक्के दुसऱ्यांसाठी राखीव. "इथे कोटा चालत नाही" म्हणणाऱ्यांना हा कोटा दिसत नाही.

इतिहास सांगताना अर्धा सांगू नये. राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या बाजूला राहिले नाहीत. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. समाजाने कोणाच्या मागे जायचे ते ठरवले. पण त्यामुळे बाळूंचे गडी कमी होत नाहीत. मतभेद असूनही कर्तृत्व मोजता आले पाहिजे, हीसुद्धा एक शिकवण आहे.

पराभव बाबासाहेबांनाही चुकला नाही

आपण बाबासाहेबांचे विजय जेवढे सांगतो तेवढे त्यांचे पराभव सांगत नाही. ज्यांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, ते १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. एखादा खचून घरी बसला असता. बाबासाहेब राज्यसभेत गेले, बोलत राहिले, ग्रंथ लिहीत राहिले. आणि भंडाऱ्याच्या पराभवानंतर अडीच वर्षांतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांना बुद्धाच्या धम्माची दीक्षा दिली. ज्या धम्मामुळे आपण आज विहारात बसून मुलांच्या चुका शांतपणे वाचू शकतो, तो धम्म बाबासाहेबांनी आपल्याला पराभवानंतर दिला.

आणि रागाचे काय? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या लोकांनी पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांच्या जमावाने परतणाऱ्या आपल्या माणसांना काठ्यांनी मारले. आपली माणसे संख्येने कमी नव्हती. त्यांत लष्करातून निवृत्त झालेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. ते कायद्याने लढले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. रक्ताळलेल्या डोक्यांनी जो संयम पाळला गेला, तो एका टोमण्यापुढे आपल्याला पाळता येऊ नये? याचा अर्थ अपमान गिळावा असा नाही. जिथे जातिवाचक शिवीगाळ होईल तिथे कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण बॅट उचलणे म्हणजे आपली बाजू आपल्याच हाताने हरणे.

सभेत आमच्या बौद्धाचार्यांनी एक गोष्ट सांगितली. कोसलचा राजा प्रसेनजित आपल्या भाच्याशी, मगधच्या अजातशत्रूशी लढताना तीन वेळा हरला. ओठांवरचे दूध न वाळलेल्या पोराकडून आपण हरलो, या लाजेने त्याने अन्न सोडले आणि पलंग धरला. भिक्खूंनी ही हकीकत तथागतांना सांगितली. तेव्हा तथागतांनी जो उपदेश केला तो धम्मपदाच्या सुखवग्गात आला आहे. जिंकणाऱ्याच्या पदरी वैर पडते, हरणाऱ्याची झोप उडते, आणि या दोन्हींत न अडकणारा सुखाने राहतो, असा त्याचा आशय. हे ऐकताना आमच्या कर्णधाराने मान खाली घातली आणि सगळी मुले हसली. तोही हसला. आठवडाभराने संघ पहिल्यांदा एकत्र हसला होता.

ठरलेल्या गोष्टी

त्या बैठकीत मुलांनी स्वतःच काही गोष्टी ठरवल्या. दर रविवारी सकाळी सहा ते आठ सराव, मग वंदना. सरावात आधी एकच काम, प्रत्येकाने यष्टीवर तीस चेंडू टाकायचे आणि किती बाहेर गेले ते वहीत लिहायचे. ज्याची पाळी असेल त्याने आदल्या दिवशी कळवायचे, रात्रपाळी करून आलेल्याला खेळवायचे नाही, त्याने झोप घ्यायची. पैज लावून सामना खेळायचा नाही. झेल सुटला तर मैदानावर कोणी तोंड उघडायचे नाही, बोलायचे ते रविवारी वही समोर ठेवून.

धावपत्रिका लिहिणाऱ्या मुलीने मात्र सर्वांना पेचात टाकले. ती म्हणाली, "दादा, तुम्ही सोळा वाइड टाकले. मी शाळेत असताना गोलंदाजी करायचे, सरळ टाकायचे. मला नुसती वहीच का देता?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग तिच्या आईनेच विचारले, "रविवारी सहाला पाठवू का हिला?" त्या रविवारपासून वस्तीतल्या पाच मुली सरावाला येतात. समतेच्या गप्पा मारणाऱ्या मंडळाला ही गोष्ट एका मुलीने सुचवावी लागली, आणि तिला तिच्या आईने साथ दिली, याची नोंद घेतली पाहिजे.

आई-वडिलांना एक विनंती. मुलगा हरून घरी आला तर बॅट चुलीत घालू नका. मैदानावरच्या मुलाला निदान मैदानावर शोधता येते. गुत्त्यावर आणि मोबाइलच्या जुगारात हरवलेल्या मुलाला शोधणे कठीण जाते. त्याला आधी जेवू घाला, मग कुठे चुकले ते विचारा. आणि अभ्यासाची, नोकरीची वेळ मोडून खेळत असेल तर तेही त्याच प्रेमाने, पण ठामपणे थांबवा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. करंडक, टी-शर्ट आणि ध्वनिक्षेपकावर होणाऱ्या खर्चातून दोन चांगल्या बॅटा, एक यष्टींचा संच, एक प्रथमोपचार पेटी आणि एक जाड वही घ्या. त्यांतली वही सर्वांत स्वस्त आहे, आणि तीच सर्वांत उपयोगाची ठरेल.

सोसायटीच्या संघाला आमच्या मुलांनी परतीच्या सामन्याचे पत्र पाठवले आहे, आणि त्यांच्या कर्णधाराने होकार कळवला आहे. तो सामना आम्ही जिंकू असे आम्ही म्हणत नाही. पण वाइड सोळाच्या जागी सहा पडले आणि बाराही षटके खेळून काढली, तर आमच्या दृष्टीने तो जमेकडचा आकडा असेल. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हा मंत्र भिंतीवर रंगवून आपण थांबतो. तो रविवारी सकाळी सहा वाजता मैदानावर आणता येतो, हे या मुलांनी दाखवायला सुरुवात केली आहे. इतर वस्त्यांतील संघांनीही आपापल्या पराभवाची वही उघडावी.

जय भीम! नमो बुद्धाय!